भांग, अंबाडा आणि अंबाडी

बी पेरून झाड वाढवण्याचा माझा अनुभव एकाच पिकाचा आहे आणि ते पीक कोणतं, हे मी आजवर चारचौघांत बोललेले नाही. हल्ली माझी नात शारजातल्या फ्लॅटच्या गॅलरीत पुदिना लावते, मोबाईलवर बघून बघून. मी काही सुचवायला गेले की "आजी, यू डोन्ट नो गार्डनिंग" म्हणते. म्हणू दे बापडी. तिचा पुदिना बघायला कोणी पायपीट करून येत नाही. माझी झाडं बघायला माणसं येत होती, आणि येताना चपला बाहेर काढत होती.

मी बार्शीची. आमच्या घरात भाजी पाटीतून यायची, पाटी मंडईतून आणि मंडईत ती कुठून येते याची चौकशी करावी असं मला कधी वाटलं नाही. लग्न होऊन शारजाला आले तेव्हा युएई हे नाव अजून जन्माला यायचं होतं. खाडीकाठी दगडामातीची घरं, खजुरीच्या झावळ्यांची छपरं, गाढवावरून डब्यात येणारं पाणी आणि मधूनमधून डोक्यावरून जाणारं गोऱ्यांच्या छावणीचं विमान. आमचे हे एका सिमेंट-लाकडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. स्वभावाने भित्रे. रस्त्यात पोलीस दिसला की काही केलेलं नसताना आधी सलाम ठोकायचे.

आमच्या अंगणाला दोन बिऱ्हाडं होती. समोरचं बिऱ्हाड रत्नागिरीकडच्या मुसलमान जोडप्याचं. त्यांना मी भाई आणि भाभी म्हणायची. भाईंच्या घराण्यात सगळे खलाशी आणि तांडेल, हे एकटेच जमिनीवर उतरून गॅरेजात फिटर झालेले. त्यांची मुलं गावी आजीकडे शाळेत होती. भाई पाच वेळचे नमाजी. विडी नाही, तंबाखूचं पान नाही. एकदा खोकल्याने हैराण झाले होते, तरी औषधाच्या बाटलीत दारूचा अंश असतो असं कोणीतरी म्हणालं म्हणून त्यांनी ती बाटली वाळूत ओतली आणि पुढचे कितीतरी दिवस सुखाने खोकत बसले.

भाभीची नि माझी चूल नावालाच वेगळी होती. तिच्या तांदळाच्या भाकरीवर माझी उसळ पडायची आणि माझ्या पातेल्यात तिची पळी असायची. बार्शीच्या माझ्या सासूबाईंना हे कळलं असतं तर त्या पोहत आल्या असत्या.

मला दिवस गेले आणि पोटात अन्न ठरेना. भाभीने चिंच दिली, कोकमाचं सार दिलं, अरब लोक कालवणात घालतात ती सुकी काळी लिंबंसुद्धा चोखायला दिली. सगळं उलटून पडलं. मला अंबाडीची भाजी हवी होती. ज्वारीच्या कण्या घातलेली, वरून लसणीची लाल फोडणी. माहेरी असताना ती पानात पडली की मी नाक मुरडत असे. आता मात्र अंबाडी मिळाली नाही तर मी मरणार, अशी माझी खात्री झाली आणि ही खात्री मी दिवसातून अनेकदा मोठ्याने बोलून दाखवायची. ह्यांनी बाजार पालथा घातला. मुळा आला, कांद्याची पात आली. अंबाडी कशी येणार?

त्याच सुमाराला भाई बहिणीच्या लग्नाला आगबोटीने मुंबईस निघाले. जाताना दाराशी येऊन म्हणाले, "वैनी, काय आणू? लाजू नका. डोहाळे राहिले तर पोराची लाळ गळत राहते."

"अंबाडी आणा," मी म्हणाले. "भाजी टिकायची नाही. बी आणा, मी अंगणात लावीन."

भाईंचा चेहरा पडला. "आंबाडा? अहो, त्याचा मोठा वृक्ष होतो. फळ धरेपर्यंत तुमचं पोर मॅट्रिक होईल!"

कोकणात आंबाडा म्हणजे कालवणात घालायचं आंबट फळ. मी म्हटलं, फळ नाही हो, पालेभाजी. त्यांनी ती कधी पाहिलेली नव्हती. मग मी वर्णन करायला घेतलं आणि ते फार चोख केलं असं मला वाटलं. पान हाताच्या पंजासारखं, बोटं फुटलेली. खोड सरळ, उंच. खोडाची साल काढली की वाख निघतो, त्याचे दोर वळतात.

दोर म्हटल्याबरोबर भाईंचे डोळे चमकले. "असं सांगा की! दोरखंडाचं झाड!"

इथेच सगळं फसलं. शेतकऱ्याच्या घरातला माणूस असता तर भाजी लक्षात ठेवून गेला असता. खलाशाच्या घरातला माणूस दोर लक्षात ठेवून गेला. मुंबईत ते गोदीजवळच्या एका ओळखीच्या दोरवाल्याकडे गेले आणि ज्याच्या वाखाचे दोर होतात, ज्याचं पान पंजासारखं असतं, त्या झाडाचं बी कुठे मिळेल असं त्यांनी विचारलं. दोरवाल्याने एका पाखरांच्या दाण्याच्या दुकानात पाठवलं. तिथल्या माणसाने मूठभर बी पुडीत बांधून दिलं. सगळ्यांनी आपापलं काम प्रामाणिकपणे केलं, त्यामुळे नंतर दोष तरी कोणाला द्यायचा?

भाईंनी ती पुडी ट्रंकेत मुसल्ल्यात गुंडाळून आणली. नमाज पढायची चटई ती, तिच्यात बी सुखरूप राहील म्हणून. कस्टमवाल्याने ट्रंक उघडली, वर मुसल्ला पाहिला आणि अदबीने झाकण लावलं, हे त्यांनी आम्हाला दोनदा कौतुकाने सांगितलं.

बी गोल, करडं, ठिपक्याठिपक्यांचं होतं. अंबाडीचं बी कसं असतं हे मला कुठे माहीत होतं? बागकामात नव्याने पडणाऱ्याला सल्ला द्यायची वेळ आली तर माझ्यापाशी एकच आहे. माती, खत, ऊन हे सगळं मागाहून. आधी बी कशाचं आहे ते विचारावं.

मी तुपाचे रिकामे डबे घेतले, ह्यांच्याकडून खिळ्याने भोकं पाडून घेतली. वाळूत घरमालकाच्या शेळ्यांच्या लेंड्या कुटून घातल्या. पहिलं बी चिमण्यांनी पळवलं. त्या एवढ्या आतुरतेने का येत होत्या, ते दाण्याच्या दुकानाचं ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या खेपेला डब्यांवर भाभीची जुनी ओढणी ताणून बांधली. एका सकाळी वाळूला तडा गेला आणि खाली मान घातलेला हिरवा कोंब वर आला. मी एवढ्या जोरात ओरडले की भाभीला वाटलं, पडले. ती धावत आली आणि कोंब पाहून तिनेही तोंडावर हात ठेवला. त्या गावात हिरवं असं आमच्या डोळ्यांना किती दिवसांत दिसलं नव्हतं. मला खरंच रडू आलं.

झाडं मात्र गुणी निघाली. कोवळेपणीच पानांना बोटं फुटली. देठ लाल नव्हते, पण म्हटलं, इथलं पाणी खारं. पानांच्या कडा करवतीसारख्या होत्या, त्यालाही खारं पाणी. चुरगळलं की एक उग्र वास यायचा, तोसुद्धा मी त्या बिचाऱ्या पाण्यावरच ढकलला. भाई पहाटे नमाजाआधीचा वुजू करायला अंगणात यायचे. हातपाय धुऊन तांब्यात उरलेलं पाणी ते माझ्या डब्यांना वाटून घालायचे. "वैनी, वास चांगला सुटलाय," म्हणायचे. "सब्जासारखा. मन शांत होतं."

ह्यांच्या गोदामावर एक पठाण चौकीदार होता. एकदा तो निरोप घेऊन आला. अंगणात पाऊल टाकलं आणि निरोप विसरून उभाच राहिला. मग खाली वाकून त्याने एका पानाला बोट लावलं.

"ये किसने लगाया, बहनजी?"

"मैंने. अंबाडी है. भाजी," मी सांगितलं.

"हां हां," तो गंभीरपणे म्हणाला. "भाजी."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, झाडांसाठी कुजलेल्या शेणाची पिशवी घेऊन. नंतर आला तो दोन मित्रांना घेऊन. ते चपला काढून आत आले, डब्यांभोवती उकिडवे बसले आणि आपसांत हलक्या आवाजात बोलत राहिले. एक जण वर बघून "माशाल्ला" म्हणाला. माझ्या हाताला गुण आहे, असं त्यांचं मत पडलं. आयुष्यात माझ्या स्वयंपाकाचंसुद्धा कोणी एवढं कौतुक केलं नव्हतं. मी त्यांना चहा पाजला. चौकीदार जाताना म्हणाला, "बहनजी, भाजी पकाने की जल्दी मत करना. और नर पौधा निकाल देना."

नर? आमच्या माहेरी पपईला नर-मादी असते एवढं मी ऐकून होते. अंबाडीलाही असेल, म्हटलं. जगात काय काय असतं.

तरी मनात कुठेतरी पाल चुकचुकलीच. मला सातवा संपत आला होता आणि झाडं माझ्या कमरेला लागली होती. एके दिवशी दुपारी मी एक पान तोडून जरा चावून पाहिलं. ते कडू लागलं, जिभेला चिकटल्यासारखं. आंबटपणाचा मागमूस नव्हता. मी थुंकले, चूळ भरली आणि खाऱ्या पाण्याला एवढं करता येईल का याचा विचार करत उभी होते, तेवढ्यात भर कामाच्या वेळी हे धापा टाकत घरी आले. चेहरा पांढराफटक.

"अगं, तू अंगणात काय लावलंयस ठाऊक आहे? चौकीदार मला म्हणतो, साब, होळीला आम्हाला थोडी मिळेल ना? अगं, ती भांग आहे, भांग!"

माझा हात आपसूक केसांकडे गेला. खरं सांगते, मला तो शब्द तेवढ्यापुरताच माहीत होता. भांग मी रोज पाडत होते आणि मागे अंबाडाही घालत होते. डोक्यावर दोन्ही सुखाने नांदत होते. अंगणात एक पेरायला गेले नि दुसरंच उगवलं.

"कोणाला कळलं तर?" मी विचारलं.

"आपल्याला बोटीवर चढवतील. आणि आणलं कोणी, हे विचारतील. भाईंना आधी."

भाभी दारातून ऐकत होती. ती आधी अंगणाचं दार लावून आली. ती बोटीला घाबरली असेल, असं मला वाटलं. तिची भीती निराळी होती.

"त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली. "तुम्ही ओळखत नाही त्यांना. मुसल्ल्यात गुंडाळून आणलंय त्यांनी. रोज वुजूचं पाणी घातलंय. ते नशेला शिवत नाहीत हो, खोकल्याचं औषध पीत नाहीत. कळलं तर स्वतःच्या पायांनी काझीकडे जातील आणि म्हणतील, मी आणलं, मला काय ती सजा द्या. नोकरी जाईल ती जाईल, पण ते परत मान वर करून चालणार नाहीत."

तिने माझा हात उचलून माझ्याच पोटावर ठेवला. "ह्याच्या गळ्याची शपथ घ्या. कधीच सांगायचं नाही."

मी शपथ घेतली. मला भाईंचा चेहरा डोळ्यांपुढे दिसत होता, दुसरं काही सुचलंच नाही.

झाडं तर उपटली, पण टाकायची कुठे? शेळ्यांना घालावीत तर शेळ्या घरमालकाच्या. जाळावीत तर सगळ्या मोहल्ल्याला वास. शेवटी भाभीने जुडगा बांधून आपल्या बुरख्यात घेतला आणि आम्ही दोघी भर दुपारी खाडीकडे निघालो. एकीचं पोट पुढे आलेलं खरंखुरं, दुसरीचं भांगेचं. वाटेत एक म्हातारी अरब बाई दोघींकडे बघून थांबली आणि हात वर करून दुवा देऊन गेली. भाभीला हसू आवरेना. मलाही. खाडीच्या पाण्यात तो जुडगा सोडला तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो, हसून हसून. ते आमचं शेवटचं हसू, पुढे बरेच दिवस.

संध्याकाळी भाई घरी आले. रिकाम्या डब्यांपाशी थांबले.

"वैनी, झाडं?"

"काढली."

"का?"

दुपारपासून मी ह्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि तरीही माझ्या तोंडून निघालं ते असं, "नको वाटली."

त्यांनी एका डब्यातली माती बोटाने चाचपली. मग म्हणाले, "बरं." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून भाई आमच्या बाजूला फिरकेनासे झाले. वुजू करायचे ते आपल्या उंबऱ्याशी. त्यांच्या गॅरेजाजवळ ताजी मासळी यायची. आम्ही ब्राह्मण असून इथे येऊन ती खायला शिकलो होतो. ती आमच्या दारात यायची बंद झाली. समोर आले तर नमस्कार करायचे, पूर्वीपेक्षा जास्त वाकून. मला वाटलं, मेहनत वाया घालवली म्हणून रुसले असतील. बाळंत झाले, मुलगी झाली. रोजे सुरू होते, तरी भाभी उपाशीपोटी माझं सगळं करत होती. भाई मात्र दाराबाहेरूनच "मुबारक" म्हणाले आणि गेले. पोरीला बघायला आत आले नाहीत. स्वतःच्या मुलांपासून एवढ्या लांब राहणारा माणूस! मला फार लागलं ते. मी मनातल्या मनात त्यांना हट्टी म्हटलं, कोत्या मनाचा म्हटलं. दोन भाजीच्या झाडांसाठी कोणी एवढं धरून बसतं का?

मग ईद आली. सकाळी भाभीने पाठवलेलं ताट दारात आलं. वर विणलेला रुमाल. मी हौसेने तो उचलला, शिरखुर्मा असणार म्हणून. ताटात कोरड्या शेवया होत्या. न फोडलेले बदाम, खारका, साखर, तुपाची न उघडलेली बरणी. सगळं कच्चं.

मला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. हा शिधा होता आणि तो भाईंनीच पाठवायला लावला असणार. कोकणात, गावाकडे, भाईंच्या घरून ईदला ब्राह्मणाच्या घरी असाच शिधा जायचा, हे भाभीनेच कधीतरी सांगितलं होतं. शिजवलेलं चालत नाही त्यांना, म्हणून कोरडं. आपण आणलेलं बी ह्या बाईने उपटून टाकलं, कारण ते आपल्या, मुसलमानाच्या हातचं होतं, असं ह्या माणसाने इतके दिवस धरून ठेवलं होतं. आणि धरून ठेवून केलं काय? माझं सोवळं सांभाळलं! मासळी थांबवली ती माझ्यासाठी. पोरीला शिवले नाहीत तेसुद्धा माझ्याचसाठी.

मला संताप आला. त्यांचा आला, सोवळं शोधून काढणाऱ्या सगळ्या पिढ्यांचा आला आणि शपथेचाही आला. मी एका काखेत पोर घेतली, दुसऱ्या हातात ताट आणि तरातरा अंगण ओलांडून त्यांच्या घरात शिरले. भाई नव्या कपड्यांत बसले होते, गडबडून उभे राहिले. ताट मी चुलीपाशी आपटलं.

"भाभी, हे काय पाठवलंस? मला कच्च्या शेवया चावता येत नाहीत. तुमच्या पातेल्यातलं वाढ."

भाभीने नवऱ्याकडे पाहिलं. मग कटोरा भरला. मी त्यांच्या सतरंजीवर मांडी घातली, पोरीला शेजारी ठेवलं आणि भाईंच्या समोर खायला लागले. तोंड भाजत होतं तरी खात होते. भाई उभ्याने बघत होते. कटोरा संपला तेव्हा ते खाली बसले.

"वैनी," ते म्हणाले, "मग अंबाडी का उपटलीत?"

चुलीपाशी भाभीचा हात थांबला. मी तिच्याकडे बघितलं नाही. शपथ मोडायची नव्हती आणि ह्या माणसाशी खोटं तर मुळीच बोलायचं नव्हतं.

"आंबट नव्हती," मी म्हणाले.

"काय?"

"आंबट नव्हती, भाई. कडू होती. तुम्ही एवढ्या लांबून आणलेली, कडू निघाली असं तोंडावर कसं सांगू?"

भाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या कटोऱ्याकडे. मग ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "एवढंच होय? अहो, मग बोलायचं ना! तो दुकानदारच लबाड. खलास, पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानातनं आणतो, इन्शाल्ला."

"नको!" भाभी आणि मी एकदमच ओरडलो.

पोरगी दचकून रडायला लागली. भाईंनी तिला चटकन उचलून घेतलं आणि खांद्यावर टाकून अंगणात फिरवायला नेलं.